रुचिभेदाचा स्वीकार

दुसऱ्याची आवड किंवा निवड आपल्याहून वेगळी असली, तरी तिला चूक समजून सुधारायला न जाणे म्हणजे रुचिभेदाचा स्वीकार. ती आवड आपल्यालाही पटावी, अशी अट यात नाही.

‘भिन्नरुचिर्हि लोकः’ हे वचन कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील सहाव्या सर्गाचे. प्रसंग विदर्भकन्या इंदुमतीच्या स्वयंवराचा. ती अंगराजाला ओलांडून पुढे जाते तेव्हा कवी म्हणतो, की राजात उणे नव्हते आणि तिला पारख नव्हती असेही नाही. लोकांची रुचीच वेगवेगळी. नकार आला म्हणजे कोणाचा तरी दोष असलाच पाहिजे, हा हट्ट इथे सुटतो.

काही रुचिभेद जन्मजात असतात. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि हिवाळ्यात तो स्वस्त झाला, की सांबारवडी ठरलेली. पण सांबारातल्या आल्डिहाइड नावाच्या रसायनांचा वास काहींना साबणासारखा येतो. त्याचा काही अंशी संबंध ओआर६ए२ या गंधग्राही जनुकाशी असल्याचे २०१२ साली दिसले. अशा माणसाला ‘एकदा खाऊन तर पाहा’ म्हणणे व्यर्थ. त्याने खाऊन पाहिलेले असते.

स्वीकार अवघड का जातो, याचे एक कारण मानसशास्त्रज्ञ ली रॉस व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले. जाहिरातीचा फलक अंगावर अडकवून आवारात फिराल का, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले. तयार झालेल्यांना वाटले, बहुतेक जण हो म्हणतील. नाही म्हणणाऱ्यांना वाटले, बहुतेक नाही म्हणतील. आपल्यासारखेच सगळे, असे धरून चालले की वेगळा माणूस विचित्र वाटू लागतो.

व्यवहारात क्रम महत्त्वाचा. पोह्यांच्या ठेल्यावर तर्रीचा गंज (पातेले) वेगळा असतो, ते उगाच नाही : पोह्यांवर ओतलेली तर्री परत काढता येत नाही. घरच्या पंगतीतही रस्सा बेताचा तिखट ठेवून तर्री वेगळी द्यावी. आग्रह दोनदा चालतो, कारण आपल्याकडे पहिला नकार पुष्कळदा भिडेचा असतो. तिसऱ्यांदा करू नये, कारणही विचारू नये. ‘तुमचं तुम्ही पाहा’ हा मात्र स्वीकार नव्हे, रुसवा आहे.

शेंगदाण्याची अॅलर्जी या सदरात येत नाही. तिथे पोह्यांतले दाणे वेचून भागत नाही. कढई, तेल आणि झारा वेगळा लागतो.