टीव्हीवर पांढरे ठिपके? 'पॅनेल गेलं' हे दर वेळी खरं नसतं

एलईडी टीव्हीवर पांढरे गोल डाग दिसले की 'पॅनेल (म्हणजे चित्र दाखवणारा काचेचा पडदा) गेलं, नवाच घ्या' हा सल्ला ठरलेला. माझ्याही घरी तेच ऐकवलं गेलं. टीव्ही उघडल्यावर मात्र तळाशी शर्टाच्या बटणाएवढी चार पारदर्शक भिंगं पडलेली सापडली.

बऱ्याच टीव्हींत काचेमागे एलईडींच्या पट्ट्या असतात. प्रत्येक दिव्यावर प्रकाश पसरवणारं छोटं प्लॅस्टिकचं भिंग चिकटवलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं गोंद सुटतो, भिंग गळून पडतं आणि उघड्या दिव्याचा झोत एकाच जागी उमटतो. पॅनेल धडधाकट असतं.

ओळखायचं कसं? डाग मऊ कडेचा, लिंबाएवढा असेल आणि चॅनेल बदललं तरी जागचा हलत नसेल, तर बहुधा भिंगच. सुईच्या टोकाएवढा, रेखीव ठिपका असेल तर तो पिक्सेलचा दोष. दुरुस्ती म्हणजे भिंगं पुन्हा चिकटवणं किंवा पट्ट्या बदलणं. पण त्यासाठी पातळ काच उचलावी लागते, ती तडकली की खरंच पॅनेल गेलं! म्हणून हे घरी करू नका.

असाच घोळ प्रोजेक्टरचाही होतो. डीएलपी प्रोजेक्टरवर (सूक्ष्म आरशांच्या चिपनं चित्र पाडणारा) चांदण्यांसारखे ठिपके आले की लोक दिवा बदलतात. पैसे वाया. त्यातल्या चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकलेले असतात, चिपच बदलावी लागते. धुरकट डाग मात्र सहसा धुळीचा. फोकस फिरवला की तो लहानमोठा होतो.