बंद बल्ब, राखणदार आणि केबलची पन्हळ

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरत होता. चाकरमान्यांचं बंद घर, मेन स्विच चालू राहिलेला, आणि खिडकीच्या फटीतून दिसतंय की माजघरातला बल्ब मिणमिणतोय. धड पेटलेला नाही, धड विझलेला नाही. शेजाऱ्यानं किल्ली घेऊन आत जाऊन बघितलं तर बटण बंदच. मग काय, कोणी लिहिलं देवचार, कोणी लिहिलं आजोबांचा जीव अडकलाय, एकानं तर गाऱ्हाणं घालायला कोणाला बोलवायचं ते पण ठरवून टाकलं. मी विचारलं, "बल्ब एलईडी आहे का?" कोणी उत्तरच दिलं नाही, भुताच्या गप्पांत असला प्रश्न म्हणजे मटणाच्या पंगतीत वरण मागण्यासारखं.

पण ह्या भुताला मी चांगला ओळखतो, माझं पोट त्याच्यावर चालतं. कुडाळपासून लोट्यापर्यंत छोट्या कारखान्यांची ऑटोमेशनची कामं करतो, म्हणजे पॅनल, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), सेन्सर, आणि त्या सगळ्यांना जोडणारी केबल. अर्ध्या तक्रारी ह्या भुताच्याच असतात, फक्त तिथे त्याला नॉइज म्हणतात, म्हणजे बाजूच्या तारेतून सिग्नलमध्ये घुसलेली नको ती वीज.

आधी बल्बचं बघू. शाळेत कॅपॅसिटर शिकलो होतो, दोन धातू शेजारी-शेजारी आणि मध्ये वीज न जाऊ देणारं काहीतरी. घरात एकाच पाइपातून दोन वायरी गेल्या की आपोआप तेच तयार होतं, दोन तांब्याच्या तारा आणि मध्ये पीव्हीसी. मीटरमागे साधारण ५० ते १०० पिकोफॅरड (कॅपॅसिटर मोजायचं बारीक माप). वायरी १० मीटर बरोबर गेल्या तर जास्तीत जास्त १००० पिकोफॅरड धरा. एका तारेत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ नाचतायत, दुसरी बटणापाशी तुटलेली, बल्बकडे जाणारी. तरी तिच्यातून प्रवाह वाहतो, हिशेब केला तर ७२ मायक्रोअँपिअर. जुन्या ६० वॉटच्या बल्बला हे कळलंसुद्धा नसतं. एलईडीला तेवढं पुरतं, आतला छोटा कॅपॅसिटर हळूहळू भरतो आणि बल्ब मिणमिणतो किंवा मधेच पापणी मिटल्यासारखा लुकलुकतो. दुसरं कारण म्हणजे वायरमननं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं, मग बटण बंद असलं तरी बल्ब फेजलाच लटकलेला असतो. देवचाराला ह्या दोन्हीत काही काम नाही.

आता ह्यातली गंमत, आणि मला ही गोष्ट इतकी आवडते की कोणी चहाला बसवलं तरी मी हीच सांगतो. अशा कॅपॅसिटरमधून किती प्रवाह शिरणार हे नुसत्या व्होल्टवर ठरत नाही, व्होल्ट किती झपाट्यानं बदलतायत त्यावर ठरतं. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली होते पण अगदी हळुवार, भरती-ओहोटीसारखी, तिचा सगळ्यात तीव्र चढ मायक्रोसेकंदाला जेमतेम ०.१ व्होल्ट. कारखान्यात मोटरचा वेग कमी-जास्त करायला जो व्हीएफडी असतो, ज्याला सगळे नुसतं ड्राइव्ह म्हणतात, तो ४१५ व्होल्टची आधी डीसी करतो, ती होते साधारण ५८७ व्होल्ट, आणि मग ती मोटरकडे तुकडे-तुकडे करून पाठवतो, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद. प्रत्येक वेळी शून्यावरून ५८७ व्होल्टवर उडी, ती पण साधारण ०.१ मायक्रोसेकंदात. म्हणजे मायक्रोसेकंदाला ५८७० व्होल्ट. भरती-ओहोटी नाही, हातोडा. घरच्यापेक्षा पन्नास हजार पटीच्या वर. तेच १००० पिकोफॅरड घेऊन गणित केलं तर ७२ मायक्रोअँपिअरच्या जागी कागदावर जवळजवळ ६ अँपिअर येतात, क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरते. प्रत्यक्षात तारेचा स्वतःचा विरोध आडवा येतो म्हणून तेवढं होत नाही, पण सेन्सरच्या ज्या सिग्नलवर ते जाऊन आदळतं तो ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो हो. हत्तीनं मुंगीच्या वारुळाशेजारून नुसतं चालत जावं तसं.

दोन हंगामांमागे, मे महिन्यात, एका आंब्याच्या पल्पच्या कारखान्यातून फोन आला. पल्प ८५-९० डिग्रीला तापवायचा, मग डबे भरून सील करायचे. तापमान मोजायला पीटी-१००, म्हणजे शून्य डिग्रीला बरोब्बर १०० ओहम रोध असलेली प्लॅटिनमची तार, एक डिग्री वाढली की रोध ०.३८५ ओहमनं वाढतो. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ. तर तक्रार अशी की गर काढायचं पल्पर मशीन चालू केलं की पॅनलवरचा आकडा ८७ वरून थेट ९५, परत ८४, परत ९३, आणि पीएलसी बिचारा आकड्यावर विश्वास ठेवून वाफेचा व्हॉल्व्ह उघड-बंद करतोय. सेन्सर दोनदा बदलून झाला होता. जुना ऑपरेटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, शेड बांधली तेव्हा राखणदाराक नारळ देऊक होयो, तो दिलो नाय." पॅनलच्या दाराला लिंबू-मिरची आधीच होती. मी म्हटलं नारळ द्या, माझी काही हरकत नाही, पण राखणदार फक्त पल्पर चालू असतानाच कसा काय कोपतो ते जरा विचारा.

केबल ट्रेवर चढलो तर सगळं समोर होतं. पल्परच्या ड्राइव्हची मोटर केबल आणि सेन्सरची केबल एकाच ट्रेमध्ये, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून, बारा मीटर. सेन्सरची केबल चांगली महागातली शील्डेड मल्टिकोअर, म्हणजे आत बऱ्याच तारा (कोअर) आणि त्यांच्यावर धातूची जाळी (शील्ड), मालकानं बिल दाखवलं. पण पॅनलमध्ये बघितलं तर शील्डची जाळी कापून, वर काळी टेप मारून ठेवलेली. सेन्सरच्या टोकाला पण तेच. ज्यानं काम केलं त्याला ते कवच वाटलं होतं, नारळाच्या करवंटीसारखं. आत माल, बाहेर संरक्षण, मग टोकाला कशाला जोडायचं?

इथेच खरी गफलत होते, आणि मी शिकलेल्या लोकांत पण बघितलीय. शील्डला करवंटी समजू नका, पन्हळ समजा. आपल्याकडे कौलारू घराला पन्हळ लावतात, जुन्या लोकांनी तर पोफळीचं खोड चिरून लावलेली असायची. पन्हळ पाऊस अडवत नाही, पागोळ्या झेलते आणि पाणी कडेला नेऊन सोडते. पन्हळीचं तोंड बुजवलं तर पाणी काय करणार, भरून तुमच्याच डोक्यावर. शील्ड तसंच. बाजूच्या केबलमधून उडालेला प्रवाह आतल्या कोअरवर पडण्याआधी शील्ड झेलतं आणि अर्थला नेऊन सोडतं. अर्थच नाही दिली तर शील्डचं व्होल्टेज ड्राइव्हच्या प्रत्येक उडीबरोबर स्वतःच उडतं, आणि शील्ड व कोअर ह्यांच्यात पुन्हा तोच कॅपॅसिटर, सगळं आत पोचतं. बुजलेली पन्हळ.

१८३६ साली मायकेल फॅरडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फुटी खोली बांधून तिला तारांनी आणि धातूच्या वर्खानं मढवलं होतं, बाहेरून विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि स्वतः आत जाऊन बसला, आत काही म्हणजे काही जाणवलं नाही. आपल्या केबलचं शील्ड म्हणजे तीच खोली, लांब आणि बारीक केलेली.

तर मी पॅनलकडचं टोक अर्थ बारला जोडलं, उत्साहात सेन्सरकडचं पण टाकीच्या अर्थिंगला जोडलं. उड्या थांबल्या. पण आता आकडा सावकाश डुलायला लागला, दीड-दोन डिग्री इकडे, दीड-दोन तिकडे. टाकीची अर्थिंग बॉयलरकडच्या वेगळ्या खड्ड्यातली होती आणि पॅनलची वेगळी. दोन खड्ड्यांचं व्होल्टेज सारखं नसलं की शील्डमधूनच प्रवाह वाहायला लागतो, ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात मे महिना. आपल्याकडे एक समज आहे की जांभ्यात लोखंड भरपूर म्हणून अर्थिंग झकास लागते. लोखंड आहे खरं, पण गंजलेल्या रूपात, ऑक्साइड, त्यातून वीज कसली जातेय. सुकलेला जांभा अर्थिंगला वाईटच, म्हणून तर खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहावं लागतं. सेन्सरकडचं टोक सोडून नीट टेप मारली, डुलणं बंद. मग मोटर केबल उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये फूटभर लांब नेली. ऑपरेटरनं नारळ पण फोडला, खोबरं मी पण खाल्लं.

म्हणजे शील्ड एकाच टोकाला अर्थ करायचं का? सेन्सरच्या हळू बदलणाऱ्या सिग्नलला, अर्थिंग वेगवेगळ्या असतील तर हो, पॅनलच्या बाजूला. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या केबलचं शील्ड मात्र दोन्ही टोकांना, तिथे भानगड मेगाहर्ट्झमधली असते आणि नुसतं एक टोक पुरत नाही. आणि सगळ्या प्लँटची अर्थिंग जाडजूड पट्टीनं एकमेकांत नीट बांधलेली असेल तर सेन्सरचं पण दोन्हीकडे जोडता येतं. कोणी तुम्हाला एका वाक्यात नियम सांगत असेल तर त्यानं एकाच प्रकारचा कारखाना बघितलाय असं समजा.

जोडायचं कसं हे पण आहेच. जाळी पिळून तिची दहा सेंटीमीटरची शेपटी करून लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) मारतात, सोयीचं पडतं. पण सरळ तारेला मीटरमागे अंदाजे एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवायचा गुण) असतो, दहा सेंटीमीटरला ०.१ मायक्रोहेन्री, १० मेगाहर्ट्झला त्याचा विरोध ६ ओहमच्या वर. म्हणजे पन्हळ भलीमोठी आणि खाली नळी पेनाच्या रिफिलीएवढी. म्हणून जाळीला चारी बाजूंनी गोल पकडणारा धातूचा ग्लँड (केबल पॅनलमध्ये शिरते तिथली पकड) किंवा क्लॅम्प.

आता एक गोष्ट शील्डला जमत नाही, ती म्हणजे ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र थोपवणं. त्याला थोपवायला तांब्याची जाडी स्किन डेप्थच्या (धातूत क्षेत्र साधारण जेवढं आत शिरतं ती खोली) मापाची लागते, ती १ मेगाहर्ट्झला ०.०६६ मिलिमीटर पण ५० हर्ट्झला ९.३ मिलिमीटर. जाळीची तार असते ०.१-०.१५ मिलिमीटरची. म्हणजे जाड मोटर केबलच्या चुंबकीय क्षेत्राला जाळी दिसतच नाही, ते सरळ आरपार जातं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या दोन तारांमध्ये जेवढी जागा मोकळी तेवढं व्होल्टेज उभं करतं. (इथे ज्यांचं डोकं गरगरलं त्यांनी पुढच्या परिच्छेदावर यावं, रागवणार नाही.)

ह्यावरचा उपाय आपल्याकडे काथ्या वळणाऱ्या कोणाही बाईला पटकन पटेल: पीळ द्या. दोन तारा सुंभासारख्या एकमेकींत वळल्या की प्रत्येक अर्ध्या पिळात त्यांची जागा अदलाबदल होते, एका वेढ्यात आलेलं व्होल्टेज पुढचा वेढा उलट्या दिशेनं खोडून टाकतो. टेलिफोनच्या तारांसाठी ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये ह्याचं पेटंट घेतलं होतं. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, केबलमध्ये तर पीळच विकत घ्यायचा असतो. दुकानात "मल्टिकोअर शील्डेड" मागितलं की बारा कोअर जोड्या न पिळता नुसते एकत्र पडलेले मिळतात, वर एक जाळी. बटणं, दिवे, रिले ह्यांना ते चालतं. ४-२० मिलिअँपिअरच्या सिग्नलला जोडी-जोडीनं पिळलेली घ्या, जास्त नाजूक असेल तर प्रत्येक जोडीला वेगळं फॉइल. आणि २३० व्होल्टची कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारं विजेचं बटण) कॉइल आणि २४ व्होल्टचा सेन्सर एकाच मल्टिकोअरमधून नेऊ नका, शील्ड बाहेर आहे आणि चोर घरात.

फॉइल की जाळी, तर फॉइल शंभर टक्के झाकतं पण वाकवत राहिलं तर फाटतं, जाळी वाकते पण तिला भोकं असतात, ८५ टक्क्यांच्या आसपास झाकणारी बरी. हलत्या जागी जाळी, ड्राइव्हजवळ दोन्ही. आणि समुद्रापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर जाळी आणि ड्रेन वायर (शील्डला लागून जाणारी उघडी तार) टिन लावलेल्या तांब्याचीच, म्हणजे साध्या भाषेत कल्हई केलेली. उघड्या तांब्याला खाऱ्या हवेत हिरवा कळंक चढतो, दोन पावसाळ्यांत ग्लँडपाशी जाळी हाताला भुगा लागते. पितळेच्या पातेल्याला कल्हई का लावायची हे आपल्या आजीला माहीत होतं, पर्चेसवाल्याला सांगावं लागतं. आर्मर्ड केबलची लोखंडी तार पण शील्ड म्हणून खपवतात, ती उंदीर-घुशींसाठी आहे, नॉइजसाठी नाही.

कोअरची जाडी बघताना सेन्सर लांब असेल तर एक आकडा लक्षात असू द्या. ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला २६ ओहम. पीटी-१०० पन्नास मीटरवर आणि दोनच तारांनी जोडला, तर जाऊन-येऊन १०० मीटर, २.६ ओहम, म्हणजे पॅनलवर पावणेसात डिग्री फुकटच्या. शील्ड कितीही भारी असू दे. त्यासाठी तिसरी तार लावतात, तिच्यावरून केबलचा रोध मोजून वजा करता येतो. तेव्हा कोअर मोजताना ती धरा आणि वर दोन-चार जादा ठेवा, नंतर भर पावसात ट्रे उघडायची वेळ येते. "१०० टक्के नॉइजप्रूफ" छापलेल्या केबलसाठी जादा पैसे मात्र देऊ नका, त्यापेक्षा ते ग्लँडला घाला. आरएस-४८५ ला (मशीनं एकमेकांना डेटा पाठवतात ती जोडणी) तर ही केबल नकोच, त्याला १२० ओहमची वेगळी येते, तो वेगळा लेख होईल.

व्हिडिओतल्या बल्बचं म्हणाल तर वायरमन जाऊन आला. बटण न्यूट्रलवर होतं. फेजवर घेतल्यावर मिणमिणणं खूप कमी झालं पण पूर्ण गेलं नाही, पाइपात वायरी लांबवर जोडीनं गेल्यात ना. मग बल्बला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एसी मेनला चालणारा कॅपॅसिटर लावला, चोरटा प्रवाह त्यातून जातो, बल्ब काळाकुट्ट. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं, दोन अंगठे आले. गाऱ्हाण्याचा दिवस तेवढा पुढच्या रविवारचा ठरलाय.