विहिरीचा दोर आणि डुकरांचा ताप

"सर, हा ताप मानसाले लागते का?" पेपरात आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या तापाची बातमी होती, ती वाचत पारावर बसलो होतो, तेव्हा आमच्या गावातल्या एका डुक्करवाल्यानं विचारलं. लागत नाही. स्वाइन फ्लू वेगळा, आफ्रिकन स्वाइन फीव्हर वेगळा. नावातलं 'स्वाइन' सोडलं तर दोघांचं नातं नाही. डुकराला मात्र लागला तर बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत खेळ आटोपतो.

बातमीत लिहिलं होतं, विषाणूची 'जनुकीय कुंडली' मांडली. या शब्दाची मला चीड आहे. साथ आली की मरीमायला कोंबडं कापणारी माणसं अजून आहेत, त्यांच्या हातात कुंडली कशाला द्यायची? विषाणूच्या डीएनएतली ए, टी, जी, सी ही चार अक्षरं ओळीनं वाचायची, काम एवढंच.

पण ते सोपं नाही. रक्ताच्या नमुन्यात डुकराचा स्वतःचा डीएनएही येतो. त्याची अक्षरं सुमारे अडीचशे कोटी, विषाणूची १ लाख ९० हजारांच्या आसपास. तुरीच्या पोत्यातून मोहरी निवडण्यासारखं.

आता माझ्या आवडीचा भाग. ही अक्षरं वाचणारं एक यंत्र म्हणजे नॅनोपोअर. त्यात एक पातळ पडदा असतो आणि त्यात प्रथिनांची बारीक छिद्रं, साधारण नॅनोमीटरभर रुंद. दोन्ही बाजूंना खारं पाणी, छिद्रातून वाहणारा किंचित विद्युतप्रवाह. डीएनएचा धागा छिद्रातून सरकू लागला की प्रवाह अडतो, आणि आत कोणती अक्षरं आहेत त्यानुसार कमी-जास्त अडतो. अंधारात विहिरीचा दोर मुठीतून सोडून पाहा: गाठ कुठे, पीळ कुठे, हाताला कळतं. यंत्र हेच करतं, सेकंदाला शेकडो अक्षरांच्या वेगानं. मात्र छिद्रात एका वेळी पाच-सहा अक्षरं बसतात, त्यामुळे प्रवाहाच्या चढउतारावरून संगणकाला ती ताडावी लागतात. आणि एकाच अक्षराची रांग आली, टीटीटीटीटीटीटीटी, की मूठ फसते. गाठ नाही, पीळ नाही. किती हात दोर गेला कसं सांगणार? टी आठ होते की नऊ? या विषाणूत अशा रांगा पुष्कळ. प्रथिनाचा निरोप तीन-तीन अक्षरांनी वाचायचा असतो, त्यामुळे जनुकात एक टी हुकला तरी पुढचं सगळं भलतंच वाचलं जातं.

इल्युमिना कंपनीचं वाचनयंत्र उलट. ते शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं आणि टी बहुधा नीट मोजतं. पण या विषाणूच्या टोकांशी तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, तिथे कोणता तुकडा कुठला हे त्याला कळत नाही. म्हणून दोन्ही वाचनं एकमेकांवर ठेवून पाहतात.

मग विषाणूच्या कवचातल्या पी७२ नावाच्या प्रथिनाच्या जनुकावरून त्याचं घराणं, म्हणजे जीनोटाइप, ठरतं. २००७ साली जॉर्जियात, २०१८ साली चीनमध्ये, २०२० साली आसाम-अरुणाचलात सापडलं ते एकच, जीनोटाइप दोन. आतल्या शाखा ओळखायच्या तर आय७३आर आणि आय३२९एल या दोन जनुकांमधली फट बघतात. तिथे दहा अक्षरांचा एक तुकडा जॉर्जियाच्या विषाणूत दोनदा येतो, नंतरच्या काही नमुन्यांत तीनदा. दहा अक्षरं, तेवढ्यावर शाखा वेगळी!

"मंग कोनाच्या गाडीतून आला, ते समजते?"

बहुतेकदा नाही. हा विषाणू फार सावकाश बदलतो, शेजारच्या दोन तालुक्यांतले नमुने अक्षर न् अक्षर सारखे निघू शकतात. पण उष्ट्यातूनही तो येतो, म्हणून हॉटेलातलं उष्टं डुकरांना अर्धा तास चांगलं उकळून घाल, एवढं मी त्याला सांगितलं.

"अन् सरपन कोन देते, सर?" म्हणत तो उठला.