‘बहुदा’ की ‘बहुधा’?
‘बहुदा’ आणि ‘बहुधा’ हे दोन वेगळे शब्द असून शक्यता सांगताना ‘बहुदा’ लिहावे, असे सांगणारा मजकूर फिरत असतो. तसे नाही. शक्यतेसाठी ‘बहुधा’च.

यातला ‘धा’ म्हणजे ‘प्रकारे’. द्विधा, शतधा यांतही तोच आहे. ‘दा’ वेळ दाखवतो: एकदा, अनेकदा. बोलताना शेवटच्या ‘धा’तला हकार पुसट होतो, म्हणून ‘दा’ ऐकू येतो. चूक अगदी स्वाभाविक आहे.

पडताळायचे असेल, तर त्या जागी ‘बहुतेक’ घालून पाहा. ‘ती बहुतेक येईल.’ अर्थ टिकला, तर ‘धा’. ‘पुष्कळ वेळा’ म्हणायचे असेल, तर सरळ ‘अनेकदा’ लिहावे.

‘कदाचित’ मात्र वेगळा. ‘कदाचित येईल’ यात नुसती शक्यता आहे. ‘बहुधा येईल’ म्हटले की पारडे येण्याकडे झुकते.