डोक्यावर मगर, कपाळावर सरडा

बेळगाव-खानापूर पट्ट्यात डोकं ठणकू लागलं की उपाय ठरलेले असतात. सहाणेवर सुंठ उगाळायची, लेप कपाळावर थापायचा, वरून फडकं आवळून बांधायचं आणि दिवा मालवून आडवं व्हायचं. प्राचीन इजिप्तमधला उपाय याहून भारदस्त होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात सांगितलंय, की मातीची मगर करावी, तिच्या तोंडात धान्य ठेवावं आणि देवांची नावं लिहिलेल्या लिननच्या पट्टीने ती रुग्णाच्या डोक्याला बांधावी. मगर मातीची होती हे त्या रुग्णाचं नशीब. कुडची-उगारकडच्या कृष्णाकाठच्या माणसाला खरी मगर काय चीज असते ते ठाऊक आहे; त्याने हा सल्ला पुरता ऐकूनही घेतला नसता.

देवांची नावं बाजूला ठेवली तर मागे उरतो ओल्या मातीचा गारवा आणि आवळलेली पट्टी. यात तथ्य आहे. अर्धशिशीत डोक्यातल्या रक्तवाहिन्यांभोवतीचे ट्रायजेमिनल नसेचे (चेहऱ्या-डोक्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचे) तंतू चेकाळलेले असतात. गारव्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, वेदनेचे संदेश मंदावतात. कानशिलांवरच्या दाबानेही काहींना तात्पुरता उतार पडतो. मगरीच्या जागी बेंदराचा मातीचा बैल बांधला असता तरी गुण तेवढाच आला असता.

मग जिवंत प्राणीच ठेवला तर? सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे, असं शाळेत घोकलेलं असतं, त्यामुळे साप म्हणजे फुकटचा बर्फ असा समज होतो. खरं तर त्यांचं रक्त थंड नसतं, भोवतालाप्रमाणे कमी-जास्त तापत असतं. सकाळी २८ अंशांवर असलेली अर्धा किलोची धामण ३४ अंशांच्या कपाळावर ठेवली, असं (फक्त कागदावर) धरू. तिच्या शरीरात बहुतेक पाणीच, त्यामुळे किलोमागे दर अंशाला ती साधारण साडेतीन किलोज्यूल उष्णता घेईल. कपाळाइतकी तापेपर्यंत तिने शोषलेली उष्णता भरते जेमतेम साडेदहा किलोज्यूल. १०० ग्रॅम बर्फ नुसता वितळताना ३३ किलोज्यूल घेतो. आणि ओल्या फडक्यातलं १० ग्रॅम पाणी, म्हणजे चहाचे दोन चमचे, सुकताना सुमारे २४. दोन चमचे पाणी दोन धामणींना भारी, शिवाय ते चावत नाही. मे महिन्यात अथणीत तर सगळंच उलटं. भर दुपारी कुंपणावर ऊन खात बसलेला सरडा तुमच्या कपाळापेक्षा गरम निघू शकतो. त्यात या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जीवाणू असतात, म्हणजे डोकं उतरायच्या आधी पोट बिघडायची सोय.

फडक्याचंही एक तंत्र आहे. अथणीच्या कोरड्या हवेत सुती फडकं ओलं करून पिळलं की पाणी भराभर उडतं आणि गारवा टिकतो. खानापूरच्या आषाढात हवाच ओली; तिथे फडकं कपाळाइतकंच कोमट होऊन चिकटून बसतं. अशा वेळी बर्फ कुटून पंचात गुंडाळावा आणि मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या त्वचेजवळ असतात, १०-१५ मिनिटं धरावा. नुसता बर्फ त्वचेला लावला तर ती जागा पोळल्यासारखी होते. दुखणं सुरू होताच केलं तर उपयोग. ओकाऱ्या सुरू झाल्यावर फारसा नाही. मान-खांदे आखडून डोकं दुखत असेल तर मात्र बर्फापेक्षा शेक बरा वाटतो.

आता तेलाकडे. सांड्याचं तेल म्हणून जे विकतात त्यावर गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सगळं बरं करण्याचा भार असतो. सांडा हा थर-कच्छच्या वाळवंटातला सरडा, आणि ते तेल म्हणजे त्याची चरबी. बरं वाटतं ते चोळण्याने. अमेरिकेत गेल्या शतकाच्या आरंभी क्लार्क स्टॅन्ली नावाच्या विक्रेत्याचं ‘सापाचं तेल’ गाजलं होतं. सरकारी तपासणीत त्यात खनिज तेल, एखादा टक्का चरबी आणि लाल मिरचीचा अर्क निघाला. साप नावालाही नव्हता. दंड झाला २० डॉलर. गंमत अशी, की त्यातला कामाचा घटक मिरचीच होता. तिच्यातलं कॅप्सेसिन वेदना वाहणाऱ्या नसांना आधी चेतवतं, मग थकवतं. त्यासाठी संकेश्वरी मिरची कपाळाला लावायला जाऊ नका. डोळ्यांत गेली तर डोकेदुखी विसराल हे मात्र खरं. घोरपडीच्या तेलाच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. वन्यजीव कायद्यात तिला सर्वोच्च संरक्षण आहे. तिच्या शिकारीला किमान ३ वर्षं कैद.

खरं औषध सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तोंडात निघालं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत जॉन एंग यांना एक्सेंडिन-४ हे प्रथिन सापडलं. त्याची प्रयोगशाळेत केलेली नक्कल म्हणजे एक्सेनाटाइड, मधुमेहासाठी २००५ पासूनचं इंजेक्शन. कवटीतला दाब वाढून डोकं दुखण्याचा एक आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत अशा १५ स्त्रियांपैकी काहींना एक्सेनाटाइड दिलं, तेव्हा अडीच तासांतच दाब उतरला. बारा आठवड्यांनी महिन्यातले डोकेदुखीचे दिवसही सुमारे आठाने घटले. चाचणी छोटी होती, हेही खरं. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरून रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल आलं. त्याच कुळातल्या लिसिनोप्रिलने नॉर्वेतल्या २००१ च्या चाचणीत अर्धशिशीचे दिवस सुमारे एक-पंचमांशाने कमी केले. बऱ्याच जणांना त्याने कोरडा खोकला लागतो, आणि गरोदरपणात ते चालत नाही.

उलट बाजूही आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ येते, ओकाऱ्या होतात, कधी डोकं दुखतं, आणि पापण्या उघडेनाशा होतात. अंगावर दंशाची खूण दिसतही नाही. ही मण्यार असू शकते. तेव्हा डोकेदुखीची गोळी देऊन वाट पाहणं म्हणजे हातचा वेळ घालवणं. दंशाची जागा कळली तरी तिच्यावर दोरी आवळू नये. माणसाला चालू न देता, कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावं. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. पण मण्यारीच्या विषाने नसांची टोकं एकदा निकामी केली की ती प्रतिसर्पविषाने दुरुस्त होत नाहीत. पुन्हा वाढायला दिवसच्या दिवस जातात, आणि तोवर रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो.