स्लिमिंग क्लिनिक (इंग्लंडमधलं नियमन)

डॉक्टरच्या देखरेखीखाली वजन कमी करायला सल्ला, उपचार आणि मुख्य म्हणजे औषधं देणारं खासगी क्लिनिक म्हणजे स्लिमिंग क्लिनिक. इंग्लंडमध्ये 2008 च्या हेल्थ अँड सोशल केअर अ‍ॅक्टखाली ज्या कामांना नोंदणी सक्तीची आहे त्या यादीत "स्लिमिंग क्लिनिकमधली सेवा" असा वेगळा आयटमच आहे. नोंदणी केअर क्वालिटी कमिशनकडे, म्हणजे सीक्यूसीकडे करायची, ही संस्था एप्रिल 2009 पासून काम करतेय, आणि नोंदणी न करता क्लिनिक चालवलं तर तो सरळ गुन्हा आहे. जिम, डाएट प्लॅन विकणारे, दर आठवड्याला जमून वजन करणारे ग्रुप यात येत नाहीत, कारण तिथे डॉक्टर नाही आणि प्रिस्क्रिप्शनही नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियामक वेगवेगळे.

आता सगळी चर्चा वेगोव्ही, मौंजारोसारख्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चालते, पण हे नियम कशासाठी लागतात ते बघायचं तर आधीच्या गोळ्यांकडे बघावं लागतं. फेंटरमिन आणि डायएथिलप्रोपिऑन ही भूक मारणारी दोन जुनी औषधं, दोन्ही अ‍ॅम्फेटामिनच्या नात्यातली, यूकेत शेड्यूल 3 ची नियंत्रित औषधं. 2000 मध्ये युरोपियन कमिशनने त्यांचे परवाने काढून घ्यायला लावले, कंपन्या कोर्टात गेल्या, 2002 मध्ये तो निर्णय रद्द झाला आणि 2003 मध्ये वरच्या कोर्टानेही रद्दच ठेवला. म्हणजे कागदावर औषधं परत आली, पण कमिशन हरलं ते मुळात अधिकाराच्या मुद्द्यावर, गोळ्या चांगल्या ठरल्या असं काही झालं नाही. डॉक्टर लोक औषधांची माहिती बघायला जे बीएनएफ नावाचं पुस्तक उघडतात त्यात लठ्ठपणासाठी या वापरू नका असंच लिहिलेलं होतं. सरकारी दवाखान्यात म्हणून त्या कुणी फारशा लिहायचं नाही आणि खासगी क्लिनिकांचा गल्ला मात्र बराचसा त्यांच्यावरच चालायचा, त्यातही अनेक ठिकाणी "स्पेशल्स" म्हणजे खास ऑर्डरवर बनवलेला विनापरवाना माल दिला जायचा. असं देणं बेकायदा नाही, पण मग हे औषध विनापरवाना आहे असं पेशंटला स्पष्ट सांगायला हवं, आणि ते सांगितल्याची नोंद फायलीत हवी.

सीक्यूसीचा इन्स्पेक्टर येतो तेव्हा सोबत बऱ्याचदा औषधांची माहिती असलेला फार्मासिस्ट असतो, आणि खरी तपासणी होते ती पेशंटच्या कार्डांची. पहिल्या भेटीत उंची-वजन प्रत्यक्ष मोजलं का, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, क्लिनिकच्याच पॉलिसीत बसतो का, बीपी दर वेळी लिहिलंय का, टार्गेट वजन ठरवलं का, सलग तीन महिने गोळ्या दिल्यावर मध्ये ब्रेक दिला का, पेशंटच्या जीपीला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला, कळवलं का, आणि पेशंट नको म्हणाला असेल तर तसं लिहिलं का. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही विचारतात. रिपोर्टमध्ये पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या चुका याच: बीएमआय कमी असताना औषध दिलं, ब्रेक दिलाच नाही, जीपीला पत्ता नाही. सुधारणा झाली नाही तर वॉर्निंग नोटीस, मग नोंदणीवर अटी, शेवटी नोंदणी रद्द. 2019 पासून अशा क्लिनिकांना रेटिंगही मिळतं.

बीएमआयचा मुद्दा आपल्या लोकांसाठी जरा वेगळा आहे. इंजेक्शनांच्या लायसनमध्ये साधारण 30, किंवा वजनामुळे होणारा दुसरा आजार असेल तर 27, अशी रेषा आहे. पण दक्षिण आशियाई माणसाला कमी वजनावरच डायबिटीस आणि हार्टचा धोका सुरू होतो म्हणून उपचारांच्या गाइडलाइन ठरवणारी नाइस ही संस्था त्यांच्यासाठी 23 ला जास्त वजन आणि 27.5 ला लठ्ठपणा धरते. लंडन किंवा लेस्टरमधल्या मराठी माणसाच्या कार्डावर म्हणून त्याचा वंश लिहिलेला असावा लागतो, नाहीतर आकडा बघून काहीच कळत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये वेगोव्ही आणि 2024 मध्ये मौंजारो आलं आणि धंदा क्लिनिकमधून उठून मोबाइलवर गेला. इथे नियमनाला फट पडली. कायद्यातली व्याख्या डॉक्टरभोवती बांधलेली, पण इंजेक्शन लिहून देणारा अनेकदा ऑनलाइन फार्मसीतला प्रिस्क्राइबर फार्मासिस्ट, म्हणजे औषध लिहून द्यायचा अधिकार असलेला फार्मासिस्ट, आणि फार्मसीवर लक्ष ठेवतं जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल. लोक फॉर्ममध्ये वजन वाढवून टाकायचे, फोटो दुसऱ्याचा लावायचे, आणि ज्यांना खाण्याचा विकार आहे त्यांच्याही घरी इंजेक्शनचं पेन पोचायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये कौन्सिलने सांगितलं की वजनाच्या औषधांसाठी नुसता फॉर्म चालणार नाही, वजन-उंची स्वतंत्रपणे तपासा, व्हिडिओ कॉलवर, समोरासमोर, किंवा जीपीकडून रेकॉर्ड घेऊन. नियम बरा आहे, पण कॅमेऱ्यासमोर ठेवलेला काटा कुठल्या फरशीवर ठेवलाय ते कोण बघणार.

जाहिरातीचं वेगळंच. प्रिस्क्रिप्शनच्या औषधाची लोकांसमोर जाहिरात यूकेत बंद आहे, म्हणून औषधाचं नाव न घेता "वेट लॉस पेन" वगैरे लिहायची पळवाट निघाली, पण जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एएसएने तीही चालणार नाही म्हणून सांगितलं. ब्यूटी पार्लर नाहीतर सोशल मीडियावरून विकली जाणारी पेनं या सगळ्याच्या बाहेरची. तिथे नोंदणीचा प्रश्नच येत नाही, ते काम औषध नियामक एमएचआरएचं, धाड टाकून माल जप्त करण्याचं.