प्रकल्प व्यवस्थापकांचे प्रमाणन

ठरलेल्या मुदतीत व खर्चात नेमून दिलेले काम तडीस नेण्याची व्यवस्थापकाची पात्रता त्रयस्थ संस्थेने परीक्षेद्वारे प्रमाणित करण्याची पद्धत. पुण्यात हिंजवडी, खराडी येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत ती मुख्यतः ‘पीएमपी’ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

प्रमाणनाचा आरंभ कोठून धरावा, हे आरंभ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. सीपीएम (१९५७, ड्यू पाँट कंपनी) व पर्ट (१९५८, अमेरिकी नौदलाचा पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्प) ही कामांचा क्रम व वेळ आखण्याची नियोजनतंत्रे होत. त्यांनी व्यवसाय घडवला, पण व्यक्तीची पात्रता तपासली नाही. व्यावसायिक संघटना त्यानंतरच्या : यूरोपात १९६५ च्या सुमारास, तर अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ मध्ये. याच संस्थेने १९८४ मध्ये पीएमपीची पहिली परीक्षा घेतली. आरंभ तेथून धरणे अधिक युक्त वाटते. ब्रिटनमधील प्रिन्स-२ (१९९६) ही मुळात सरकारी प्रकल्पांसाठी विकसित झालेली कार्यपद्धती असून तिची परीक्षा त्या पद्धतीपुरती असते.

कंपन्या यासाठी खर्च का करतात, हा अर्थशास्त्रीय दृष्ट्या अवघड प्रश्न आहे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या मांडणीनुसार (१९६४) कोणत्याही कंपनीत उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च कर्मचाऱ्याने सोसावा. कारण तो उद्या नोकरी बदलू शकतो. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स (१९७३) प्रमाणपत्राकडे संकेत म्हणून, म्हणजे थेट न दिसणाऱ्या पात्रतेची खूण म्हणून, पाहतात. पुण्यातील सेवा-कंपन्यांना दुसरा विचार अधिक लागू पडतो; मात्र येथे संकेत परदेशी ग्राहकाला द्यायचा असतो. प्रस्तावासोबत व्यवस्थापकांची माहिती जोडावी लागते, आणि ज्याने काम पाहिलेले नाही त्या ग्राहकाला प्रमाणपत्र पडताळता येते. ठरीव रकमेच्या करारात विलंबाचा भुर्दंड कंपनीवर पडतो, म्हणून मुदत पाळू शकणारा व्यवस्थापक तिलाही हवा असतो. शिवाय ‘स्कोप’ (कामाची व्याप्ती), ‘बेसलाइन’ (मंजूर मूळ आराखडा), ‘रिस्क रजिस्टर’ (जोखमींची नोंदवही) या शब्दांचा अर्थ पुण्याच्या आणि ग्राहकाच्या चमूला एकच लागला, तर पुढचे कितीतरी वाद टळतात; हा लाभ प्रस्तुत लेखकाला सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तीर्ण झाल्यावर शुल्काची परतफेड, किंवा काही काळ नोकरी न सोडण्याची अट, हे बेकर यांच्या अडचणीवरचे व्यवहारी उपाय होत.

पीएमपी परीक्षेसाठी पदवीधराला ३६ महिन्यांचा प्रकल्प-नेतृत्वाचा अनुभव व ३५ तासांचे प्रशिक्षण लागते. २०२१ पासूनच्या स्वरूपात १८० प्रश्न व २३० मिनिटे होती. नूतनीकरणासाठी दर तीन वर्षांत ६० व्यावसायिक विकास एकके (पुढील शिक्षण व व्यावसायिक कार्य यांचे मोजमाप) मिळवावी लागतात. परीक्षेतून ज्ञान व निर्णयाची दिशा तपासली जाते. संकटात चमू सांभाळण्याची हातोटी तीत पुरती उतरत नाही.

बांधकाम क्षेत्रात बालेवाडी येथील निकमार संस्थेचे दीर्घ अभ्यासक्रम परिचित आहेत. ते प्रमाणन-परीक्षांहून वेगळे होत.